ग्रंथ, वाचक आणि वास्तू : डॉ. आंबेडकरांच्या वाचनव्यवहाराचा एक अन्वय

१

मराठी साहित्याच्या इतिहासलेखनात लेखकाला स्थान मिळाले, कालखंडाला मिळाले, नियतकालिकांना आणि मुद्रणालयांनाही मिळाले; वाचक मात्र बहुतेक ठिकाणी गृहीत धरला गेला. ग्रंथालयांच्या स्थापनेच्या सनावळीवरून वाचनसंस्कृतीचा आलेख काढण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबईचे १८९८ चे, अशी ही नोंद पुढे सरकते. या नोंदीचे मोल कमी नाही. परंतु संस्था स्थापन झाली म्हणजे वाचन घडले असे होत नाही, आणि दारावर ‘सार्वजनिक’ हा शब्द लिहिला म्हणजे दार सर्वांसाठी उघडले असेही होत नाही. कोणी वाचले, कोठे बसून वाचले, पुस्तक विकत घेतले की मागून आणले, ते घेण्यासाठी पैसा कोठून आला आणि वाचलेल्याचे पुढे काय झाले, हे प्रश्न विचारल्याखेरीज वाचनाचा इतिहास सुरू होत नाही. रॉबर्ट डार्न्टन, रोझे शार्तिए यांच्यासारख्या अभ्यासकांनी युरोपीय वाचनाच्या संदर्भात हेच प्रश्न पुढे आणले. मराठीत ते एखाद्या विशिष्ट वाचकाच्या संदर्भात विचारून पाहणे उपयोगाचे ठरेल.

प्रस्तुत विवेचनासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे उदाहरण घेतले आहे. त्यांच्या ग्रंथप्रेमाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तथापि त्या लेखनाचा सूर प्रायः गौरवाचा आहे. अठरा-अठरा तासांचे वाचन, हजारो ग्रंथांचा संग्रह, पुस्तकांसाठी बांधलेले घर, या गोष्टी दंतकथेच्या पातळीवर सांगितल्या जातात आणि त्यामुळेच त्यांचा अर्थ लावण्याचे काम मागे पडते. या ग्रंथप्रेमी वाचकाच्या चरित्रात एक असा प्रसंग आहे की जो या गौरवकथेत सहजासहजी बसत नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील महाड येथे त्यांच्या नेतृत्वाखाली एक ग्रंथ जाळण्यात आला. पुस्तकावर इतका जीव असलेल्या माणसाने पुस्तकाचे दहन का घडवावे? या दोन गोष्टींना परस्परविरोधी मानून एकीला भावनेच्या आणि दुसरीला राजकारणाच्या कप्प्यात टाकणे सोपे आहे. त्या दोन्ही एकाच वाचनव्यवहाराच्या बाजू आहेत काय, हे तपासणे अधिक कठीण आणि अधिक आवश्यक आहे.

२

हा तपास किनाऱ्यापासून सुरू करावा लागतो. सावित्री नदी महाडजवळून वाहत बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. तिच्या उत्तरेला रायगड, दक्षिणेला रत्नागिरी जिल्हा. आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे दक्षिणेकडे, मंडणगड तालुक्यात. उत्तरेकडे खाडीच्या आतल्या अंगाला दासगावचे बंदर आणि पुढे महाडची बाजारपेठ. या पट्ट्यातील महार समाजाचा इंग्रजी लष्कराशी आलेला संबंध वाचनाच्या इतिहासात निर्णायक ठरला. मुंबई इलाख्याच्या सैन्यात भरती झालेल्या शिपायांना आणि त्यांच्या मुलांना लष्करी शाळांतून अक्षरओळख मिळाली. गावच्या शाळेने जे नाकारले ते पलटणीने दिले. निवृत्तीनंतर हे शिपाई कोकणात परतले तेव्हा पेन्शनीबरोबर अक्षरज्ञानही घेऊन आले. दापोलीसारख्या ठिकाणी पेन्शनरांची वस्तीच होती आणि रामजी सकपाळांचे कुटुंबही काही काळ तेथे राहिले.

महाड तालुक्यातील गोपाळबाबा वलंगकर हे या परंपरेतील ठळक नाव. सैन्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी ‘दीनबंधु’त लिहिले, १८८९ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका प्रसिद्ध केली आणि पुढे सैन्यातील महारांची भरती बंद झाली तेव्हा तिच्याविरुद्ध अर्ज तयार केला. त्यांच्या पुस्तिकेची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. ती धर्मशास्त्राच्या जाणकारांना विचारलेल्या प्रश्नांच्या रूपात आहे. म्हणजे ज्या संहिता वाचण्याचा अधिकार नाही, त्या संहितांची उलटतपासणी करणारा वाचक या किनाऱ्यावर एकोणिसाव्या शतकातच उभा राहिला होता.

दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे हे त्यापुढच्या पिढीतले. महाडच्या इंग्रजी शाळेने प्रवेश नाकारला तेव्हा या मुलाने वृत्तपत्राला पत्र लिहून गाऱ्हाणे मांडले. वाचायला शिकलेला मुलगा छापील कागदाचा वापर दार उघडण्यासाठी करतो, ही गोष्ट साधी वाटली तरी साधी नाही. १९२७ च्या महाड परिषदेच्या उभारणीत मोरे यांचा मोठा वाटा होता. आंबेडकर महाडला आले तेव्हा ते निरक्षर प्रदेशात आले नव्हते. लष्करी शाळा, पेन्शनरांची घरे, पुस्तिका आणि वृत्तपत्रीय पत्रे यांतून तयार झालेला एक वाचकवर्ग, संख्येने लहान असला तरी, तेथे आधीच होता. आंबेडकर हे त्या वर्गाचे सर्वांत समर्थ रूप होत.

३

आंबेडकरांच्या ग्रंथखरेदीचा आरंभ कर्जातून झाला. सुभेदार रामजी हे स्वतः लष्करी शाळेत शिक्षक होते. घरात कबीरपंथाचे वातावरण, अभंगांचे पठण, रामायण-महाभारताचे वाचन होते. मुलाला हवे असलेले पुस्तक आणण्यासाठी ते विवाहित मुलींकडून उसने पैसे आणत, प्रसंगी त्यांचा दागिना गहाण ठेवून पेन्शन आली की सोडवून देत, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. वाचनाच्या इतिहासात हा तपशील बाजूला टाकता येत नाही. येथे पुस्तकाची किंमत रुपयांत मोजली जात नाही. ती लेकीच्या अंगावरच्या दागिन्यात मोजली जाते. बहिणींच्या दागिन्यावर भावाचे वाचन उभे राहिले. दलित वाचनाच्या इतिहासातील स्त्रीचा हा अदृश्य वाटा वेगळ्या अभ्यासाचा विषय आहे.

परळच्या चाळीतील खोली हे या वाचकाचे पहिले अभ्यासगृह. तीच खोली स्वयंपाकघर, तीच माजघर. उशाशी जाते, जवळच शेळी. रात्री मुलाने लवकर झोपावे, वडिलांनी जागे राहून दोनच्या सुमारास त्याला उठवावे आणि मग स्वतः आडवे व्हावे, अशी व्यवस्था ठरलेली होती. जागा वाटून घेता येत नव्हती म्हणून वेळ वाटून घेण्यात आला. पुढे आयुष्यभर आंबेडकर रात्री वाचत राहिले. त्या सवयीकडे केवळ व्यासंगाचे लक्षण म्हणून पाहण्यापेक्षा तिच्या मुळाशी असलेली ही जागेची टंचाई लक्षात घेतली पाहिजे.

दिवसा शाळा सुटल्यावर वाचायचे कोठे? चर्नी रोडच्या बागेत. तेथेच कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी या मुलाला नियमाने वाचत बसलेले पाहिले. परीक्षा उत्तीर्ण झाल्यानिमित्त भरलेल्या सत्कारसभेत केळुसकरांनी स्वतःचे गौतम बुद्धाचे मराठी चरित्र (१८९८) त्याला भेट दिले. या भेटीचे महत्त्व आंबेडकरांनी १९५६ मध्ये ‘द बुद्ध अँड हिज धम्म’साठी लिहिलेल्या प्रास्ताविकात स्वतः नोंदवले आहे. रामायण-महाभारतातील व्यक्तिरेखांविषयी वडिलांशी झालेला वादही त्यांनी तेथेच सांगितला आहे. म्हणजे एका मराठी चरित्रग्रंथाचे वाचन आणि धर्मांतर यांच्यामध्ये जवळजवळ अर्धशतकाचे अंतर आहे. अभिग्रहणाचा सिद्धान्त वाचकाच्या ‘अपेक्षाक्षितिजा’विषयी बोलतो, एखाद्या पुस्तकाने बदललेले क्षितिज प्रत्यक्ष कृतीत उतरायला किती काळ जावा लागतो, याचे याहून बोलके उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल.

याच काळात दुसरे एक दार बंद झाले. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये संस्कृत घेण्याची इच्छा असताना त्यांना फार्सी घ्यावी लागली. या नकाराचा परिणाम त्यांच्या पुढील ग्रंथखरेदीवर झाला. जे मूळ भाषेत शिकू दिले नाही, ते त्यांनी इंग्रजी भाषांतरांच्या वाटेने गाठले. ‘हू वेअर द शूद्राज?’ (१९४६) या ग्रंथाच्या प्रस्तावनेत, संस्कृत येत नसताना या विषयावर लिहिण्याचा अधिकार कोणता, या संभाव्य आक्षेपाला त्यांनी उत्तर दिले आहे. बहुतेक वाङ्मय इंग्रजीत उपलब्ध आहे आणि आपण ते दीर्घकाळ अभ्यासले आहे, असा त्या उत्तराचा आशय आहे. भाषांतराकडे दुय्यम वस्तू म्हणून पाहणाऱ्या समीक्षेने या ठिकाणी थांबून विचार करावा. ज्याला मूळ संहितेचे दार बंद आहे, त्याच्या दृष्टीने भाषांतर हे लोकशाहीचे साधन असते.

४

१९१३ ते १९१६ ही न्यूयॉर्कमधील वर्षे ग्रंथखरेदीच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची. बडोद्याच्या शिष्यवृत्तीतून घरी पैसे पाठवायचे आणि उरलेल्यात राहायचे, अशा ओढगस्तीत त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार ग्रंथ जमवले, असे धनंजय कीर नोंदवतात. ‘जुनी’ हे विशेषण येथे महत्त्वाचे आहे. नव्या आवृत्तीचा दिमाख, बांधणीची शोभा किंवा दुर्मिळता यांना या खरेदीत स्थान नव्हते. हा संग्राहकाचा शौक नव्हता, अभ्यासकाची बेगमी होती. कोलंबियाचे ग्रंथालय वापरायला मोकळे असतानाही पुस्तके विकत घेण्याचा हा अट्टाहास कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर परतीच्या प्रवासाच्या दिशेने पाहिल्यावर मिळते. विद्यापीठाचे ग्रंथालय तेथेच राहणार होते. भारतात परतल्यावर कोणत्या वाचनालयात कसा प्रवेश मिळेल याची शाश्वती नव्हती. ज्याला परत गेल्यावर दार उघडे मिळणार नाही, तो आपले ग्रंथालय बरोबर नेतो.

या बेगमीचा मोठा भाग मात्र हातचा गेला. अमेरिकेहून लंडनला जाताना मित्राकडे सोपवलेल्या ग्रंथांपैकी पुष्कळसे गहाळ झाले. १९१७ मध्ये लंडनहून परतताना त्यांनी वेगळ्या जहाजाने पाठवलेले सामान पहिल्या महायुद्धातील जर्मन पाणबुडीच्या हल्ल्यात समुद्रात बुडाले. त्याची जी भरपाई मिळाली, तिच्यातूनच बडोद्याला नोकरीवर रुजू होण्याच्या प्रवासाचा खर्च निघाला. संग्रह करणे, गमावणे आणि पुन्हा संग्रह करणे ही या वाचकाच्या आयुष्याची लयच झालेली दिसते.

बडोद्यातील अनुभव ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या आत्मकथनपर टिपणांत आला आहे. हिंदू वस्तीत खोली मिळेना म्हणून पारशी नाव घेऊन ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. वरच्या मजल्यावरील अडगळीने भरलेला अंधारा दिवाणखाना, मिणमिणता कंदील, वटवाघळांची फडफड; आणि या एकाकीपणावर उपाय म्हणून वाचन. वाचनात गढून गेल्यावर आपण एकटे असल्याचा विसर पडे, पण वटवाघळांच्या आवाजाने तो विसर मोडे, असे त्यांनी लिहिले आहे. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि त्यांना ती जागा सोडावी लागली. वाचनाने निवारा दिला, परंतु वाचनाला निवारा मिळाला नाही. या अनुभवाचा आणि पुढे बांधलेल्या घराचा संबंध उघड आहे.

१९२० ते १९२३ हा लंडनमधील दुसरा कालखंड. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनकक्षात सकाळी सर्वांच्या आधी शिरायचे आणि संध्याकाळी बंद होईपर्यंत बसायचे, दुपारच्या जेवणावरचा खर्च आणि वेळ दोन्ही वाचवायचे, रात्री खोलीवर परत येऊन पुन्हा वाचायचे, हा क्रम चरित्रांतून परिचित आहे. नवल भथेना यांच्यासारख्या मित्राकडून उसने पैसे घ्यावे लागत. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ (१९२३) हा या वाचनाचा दृश्य परिणाम. चलनव्यवस्थेवर प्रबंध लिहिणारा हा वाचक स्वतः पै-पैचा हिशेब मांडून वाचत होता, हा योगायोग कोणाला काव्यात्म वाटेल. वस्तुतः त्यात काव्य कमी आणि भूक अधिक होती.

५

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, अशी ही यादी होती. तिच्यात वाचनालयाचे नाव नाही. ही अनुपस्थिती अर्थपूर्ण आहे. पाणी, निवारा, औषध, न्याय आणि शाळा यांवर हक्क मान्य करणाऱ्या सुधारकी मनालाही मुक्त वाचनाची जागा ही गरजेच्या वस्तूंत मोडते असे तेव्हा वाटले नसावे. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये या ठरावाला अनुसरून चवदार तळे खुले केले, ते कागदावर. २० मार्च १९२७ रोजी परिषदेनंतर आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक तळ्यावर गेले, पाणी प्याले. नंतर हल्ले झाले, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले. पुढे नगरपालिकेने ठराव मागे घेतला.

डिसेंबरमधील सत्याग्रह परिषदेसाठी आंबेडकर प्रतिनिधींसह ‘पद्मावती’ बोटीने मुंबईहून निघाले आणि दासगावला उतरून महाडला पोहोचले. तळ्यासंबंधीच्या दाव्यात न्यायालयाने तात्पुरता मनाईहुकूम दिला होता. गावात जागा मिळेना. फत्तेखान यांनी दिलेल्या जमिनीवर मंडप उभा राहिला. याच मंडपात २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे जन्माने ब्राह्मण होते.

या दहनाकडे ग्रंथद्वेषाचे कृत्य म्हणून पाहणाऱ्यांनी त्याचा क्रम लक्षात घेतलेला नाही. प्रथम वाचन, मग दहन, आणि दहनानंतर पुन्हा वाचन असा हा क्रम आहे. ज्या व्यक्तीने मनुस्मृती जाळण्याचे नेतृत्व केले, तिने पुढील तीस वर्षांत तिचे अत्यंत बारकाईने वाचन केले. ‘हू वेअर द शूद्राज?’मध्ये आणि मृत्यूनंतर महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेतून प्रसिद्ध झालेल्या प्राचीन भारतातील क्रांती-प्रतिक्रांतीविषयक लेखनात मनूच्या श्लोकांचा पुनःपुन्हा उपयोग केला आहे. पुस्तक नष्ट व्हावे असा हेतू असता तर ते पुढे कपाटात राहिले नसते. ‘बहिष्कृत भारत’मध्ये या कृतीचे समर्थन करताना आंबेडकरांनी तिची तुलना परदेशी कापडाच्या होळीशी केली. कापड जाळणारा कापड वापरणे सोडत नाही. ज्या सत्तेची खूण म्हणून ते कापड अंगावर येते ती सत्ता तो नाकारतो.

वाचनाच्या सिद्धान्ताच्या भाषेत सांगायचे तर ग्रंथाला दोन अवस्था असतात. एक संहितेची, दुसरी पोथीची. संहिता वाचली जाते, तिच्याशी वाद घालता येतो, तिच्यातील विसंगती दाखवता येते. पोथी पूजली जाते. ती न वाचताही, किंबहुना न वाचल्यामुळेच, माणसांवर अधिकार गाजवते. मनुस्मृतीतील श्लोक ज्यांच्यावर लागू होते त्यांनी ते कधी वाचले नव्हते. ज्यांनी ते लागू केले त्यांच्यापैकीही बहुतेकांनी वाचले नव्हते. महाडला जळाली ती पोथी. संहिता शिल्लक राहिली आणि तिला प्रथमच असा वाचक मिळाला जो तिच्यासमोर हात जोडून बसणार नव्हता. या अर्थाने महाडचे दहन ही वाचनाची कृती आहे, आणि मराठी वाचनाच्या इतिहासात ती ग्रंथालयांच्या स्थापनेइतक्याच महत्त्वाने नोंदवली पाहिजे.

तळ्याचा दावा पुढे दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आंबेडकरांच्या बाजूने निर्णय दिला. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे, हा दावा न्यायालयात टिकला नाही. परंपरेचा दावा कागद, साक्ष आणि इतिहास यांच्या कसोटीवर आणला की तो किती ठिसूळ ठरतो, हे येथेही दिसले. महाडचा अर्धा लढा तळ्याकाठी झाला आणि अर्धा कागदपत्रांच्या वाचनात.

६

दादरच्या हिंदू कॉलनीतील ‘राजगृह’ हे घर १९३० च्या दशकाच्या आरंभी बांधले गेले. नाव प्राचीन मगधाच्या राजधानीचे, उद्देश मुख्यतः ग्रंथसंग्रहाचा. येथील पुस्तकांच्या संख्येविषयी निरनिराळे आकडे सांगितले जातात आणि त्यांच्यावरच बहुतेक लेखन रेंगाळते. संख्या संग्रहाविषयी काही सांगते, वाचनाविषयी फारसे सांगत नाही. अधिक सूचक गोष्ट अशी की या संग्रहातील पुस्तके बाहेर देण्यास आंबेडकर नाखूश असत. ज्याला वाचायचे असेल त्याने येथे यावे, असा त्यांचा कटाक्ष होता.

१९३१ मध्येच वॉल्टर बेंजामिन यांनी आपला ग्रंथसंग्रह खोक्यांतून बाहेर काढतानाच्या अनुभवावर एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी खऱ्या संग्राहकाचे लक्षण सांगितले आहे. तो पुस्तके वाचतोच असे नाही. पुस्तकाची मालकी हेच त्याचे वस्तूशी असलेले सर्वांत जिव्हाळ्याचे नाते असते, प्रत्येक प्रतीबरोबर ती जेथे मिळाली त्या शहराची, त्या लिलावाची आठवण गुंतलेली असते. बर्लिनमधील हा ज्यू लेखक आणि दादरमधील हा दलित नेता एकाच सुमारास आपापल्या पुस्तकांची मांडामांड करीत होते. दोघांचेही जग असुरक्षित होते. तरीही दोघांच्या संग्रहांचा अर्थ भिन्न आहे. बेंजामिन यांच्या संग्रहात वारशाची भावना आहे. संग्राहकाची वृत्ती ही वारसदाराची वृत्ती आहे, असे ते मानतात. आंबेडकरांना ग्रंथांचा वारसा मिळाला नव्हता. त्यांना मिळाला होता तो ग्रंथांपासून दूर ठेवण्याचा वारसा. त्यांचा संग्रह वारसा जपत नाही, वारसा निर्माण करतो.

मिशेल द सेर्तो यांनी वाचकाला दुसऱ्याच्या रानात चोरून शिकार करणाऱ्या भटक्याची उपमा दिली आहे. लेखक जमीन कसतो, घरे बांधतो. वाचक मात्र परक्या भूमीवरून फिरत मिळेल ते उचलतो, त्याला स्वतःची जागा नसते आणि साठाही नसतो. या भटकेपणात सेर्तो वाचकाचे स्वातंत्र्य पाहतात. ही मांडणी आकर्षक आहे. तथापि ती ज्याला जागा नाकारली गेलेली नाही अशा वाचकाच्या अनुभवावर उभी आहे. गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसाला भटकेपणाचे कौतुक शिकवण्याची गरज नसते. चाळीतील पहाटे दोनची खोली, बागेतील बाक, वटवाघळांचा दिवाणखाना, परदेशातील वाचनकक्ष, अशा उसन्या जागांवरून फिरलेल्या वाचकाला स्वतःची भिंत आणि स्वतःचे कपाट यांची जी ओढ वाटली, ती मालमत्तेची हाव नव्हती. पुस्तक बाहेर न देण्याच्या आग्रहालाही हाच संदर्भ आहे. एकदा मित्राच्या हाती आणि एकदा समुद्रात संग्रह गमावलेल्या माणसाचा तो आग्रह आहे. वाचकाच्या स्वातंत्र्यात साठवण्याचा हक्कही येतो, ही दुरुस्ती आंबेडकरांचे उदाहरण पाश्चात्त्य वाचनसिद्धान्ताला सुचवते.

७

वाचलेल्याचे पुढे काय होते, हा प्रश्न राहतो. आंबेडकरांच्या प्रती खुणांनी भरलेल्या आहेत. त्यांच्या संग्रहातील जॉन ड्यूई यांच्या ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ या ग्रंथाच्या प्रतीवरील अधोरेखितांचा अभ्यास अमेरिकी अभ्यासक स्कॉट स्ट्राउड यांनी केला असून त्यांचा या विषयावरील ग्रंथ २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. कोलंबियातील गुरूच्या पुस्तकात खुणा केलेले विचार जवळपास वीस वर्षांनी ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये (१९३६) कसे अवतरतात, हे त्यातून दिसते. समाजाने भूतकाळातील निरुपयोगी भाग पुढच्या पिढीला जसाच्या तसा देऊ नये, हा ड्यूईंचा शिक्षणविषयक विचार आंबेडकर जातिव्यवस्थेला लावतात. ड्यूईंपुढे अमेरिकेतील शाळा होती, आंबेडकरांपुढे शास्त्रप्रामाण्य. वाक्य तेच राहते, भूमी बदलते आणि त्याबरोबर अर्थही बदलतो. भाषण छापून घेताना त्यांनी ड्यूईंचे ऋण उघडपणे मान्य केले. पण अनेक ठिकाणी अधोरेखित ओळ त्यांच्या स्वतःच्या वाक्यात इतकी मिसळली आहे की प्रत हाती घेतल्याशिवाय ती ओळखू येत नाही. म्हणूनच या प्रती म्हणजे केवळ स्मृतिचिन्हे नव्हेत. त्या आंबेडकरांच्या लेखनाच्या पाठचिकित्सेची प्राथमिक साधने आहेत.

मराठी वाचनाची खूण वेगळ्या ठिकाणी सापडते. ‘मूकनायक’ (१९२०) आणि ‘बहिष्कृत भारत’ (१९२७) या दोन पत्रांच्या शिरोभागी अनुक्रमे तुकारामांचे आणि ज्ञानेश्वरांचे वचन होते. घरात लहानपणी ऐकलेली संतवाणी येथे आवाहनाच्या भाषेत परत आली. ‘द अनटचेबल्स’ (१९४८) हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना, तर ‘हू वेअर द शूद्राज?’ महात्मा फुले यांना अर्पण केलेला आहे. अर्पणपत्रिका ही वाचकाने स्वतः निवडलेली वंशावळ असते. आंबेडकरांच्या इंग्रजी ग्रंथांवर पाश्चात्त्य विचारवंतांची मुद्रा शोधणाऱ्यांनी या मराठी आणि भारतीय वाचनाकडे दुर्लक्ष केल्यास चित्र एकांगी राहील.

८

१९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले आणि आंबेडकरांच्या संग्रहातील ग्रंथांचा मोठा भाग तेथील ग्रंथालयात गेला. जो वाचक एक पुस्तक उसने देण्यास नाखूश होता, त्याने आपला संग्रह विद्यार्थ्यांच्या हवाली केला. यात विसंगती नाही. व्यक्तीला दिलेले पुस्तक गहाळ होते, हा त्यांचा अनुभव होता. संस्थेला दिलेले पुस्तक पुढच्या वाचकाकडे जाते, ही त्यांची अपेक्षा होती. बोले ठरावाच्या यादीत जे नाव राहून गेले होते, ते या कृतीने भरून निघाले, असे म्हणता येईल.

शेवटच्या ग्रंथात या वाचकाने आणखी एक पाऊल टाकले. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये त्यांनी संदर्भांचा पसारा ठेवला नाही. ज्याने आयुष्यभर आधारांसह युक्तिवाद केला, त्याने अखेरीस असे पुस्तक रचले की ज्यात त्याचे वाचन अदृश्य झाले. हिंदी अनुवादक भदंत आनंद कौसल्यायन यांना पाली वाङ्मयातील मूळ स्थळे शोधून काढावी लागली. एका परीने येथे वाचकाने संहिता आत्मसात करून ती नव्या वाचकासाठी पुन्हा लिहिली. आणि हा नवा वाचक संदर्भ तपासणारा विद्वान नव्हता, तर नुकताच अक्षरओळख झालेला, कदाचित कोणाकडून तरी वाचून घेणारा माणूस होता. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री त्याच ग्रंथाची प्रस्तावना त्यांनी हाताशी मागून घेतली होती. सकाळी ते उठले नाहीत. ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला.

या विवेचनातून काही निष्कर्ष काढता येतात. मराठीतील वाचनाचा इतिहास केवळ ग्रंथालयांच्या अहवालांवरून लिहिता येणार नाही. त्यासाठी गहाण पडलेले दागिने, चाळीतील झोपेचे वाटप, पेन्शनरांच्या वस्त्या आणि बंदरांवरून होणारी छापील कागदाची ये-जा ही साधने मानावी लागतील. ‘सार्वजनिक’ या संज्ञेची तपासणी तळ्याच्या संदर्भात झाली, तशीच ती वाचनालयांच्या संदर्भात व्हावयास हवी. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांतील कोकणातील वाचनालयांच्या वर्गणीदारांच्या वह्या या दृष्टीने अद्याप पुरेशा वाचल्या गेलेल्या नाहीत. आणि आंबेडकरांच्या प्रतींवरील समासातील खुणांचे पद्धतशीर संपादन हे मराठी अभ्यासाने स्वतःकडे घेण्याजोगे काम आहे, कारण त्या खुणांमध्ये फुले, तुकाराम आणि ड्यूई एकाच हाताने वाचले गेले आहेत. दासगावच्या धक्क्यावर १९२७ च्या डिसेंबरात उतरलेला माणूस वाचायला शिकलेल्या एका समूहाचा वाचक म्हणून उतरला होता. त्याने एक पोथी जाळली आणि हजारो पुस्तके सांभाळली. या दोन्ही कृतींचा अर्थ एकत्र लावल्याशिवाय मराठी वाचकाचा इतिहास पुरा होणार नाही.